स्टार वॉर्सच्या गेमचा राग येते ना, मग तो राग नीट लिहा

दिग्रस तालुक्यातल्या एका बीएस्सीच्या पोट्ट्यानं विचारलंय, त्याचा प्रश्न थोडक्यात असा: "दादा, जेडाय सर्व्हायव्हर सेलमध्ये घेतला, रोजचा दोन जीबी जाळून जाळून डाउनलोड केला, अन आता चालूनच नाही राहिला, दर दोन पावलांवर अटकते. आधी बॅटलफ्रंटवाल्यांनी पैसे उकळले, मग पिक्चरची वाट लावली, आउटलॉजचं तर विचारूच नका. हे लोक स्टार वॉर्सची अशी माती काहून करून राहिले? सोडून देऊ का हा नाद? अन नाही सोडला तर माझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर खेळू काय?"

भाऊ, कोण बोलून राहिलं ते आधी सांगतो. पुण्यात गेम टेस्टिंगमध्ये माझी बरीच वर्षं गेली, आता आर्वीकडे गावातूनच काँट्रॅक्टवर तेच काम करतो, मधात वावराचं जेवढं जमते तेवढं. स्टार वॉर्सच्या गेमवर मी कधी काम केलेलं नाही, पण दुसऱ्याच्या लायसनवर बनणारे गेम हातून गेलेत, म्हणजे ज्यात कॅरेक्टर एका कंपनीचं, पैसा दुसऱ्या कंपनीचा अन काम तिसऱ्या कंपनीच्या पोट्ट्यांचं. त्यांची नावं सांगता येत नाहीत, कागदावर सही केलेली असते.

तुझा प्रश्न आमच्याकडे बग रिपोर्ट, म्हणजे गेममधल्या चुकीची लेखी तक्रार, म्हणून आला असता ना, तर टीमच्या लीडनं तसाच्या तसा परत पाठवला असता. एक बग, एक रिपोर्ट, हा आमच्याकडचा पहिल्या दिवसाचा नियम. तू एका दमात तीन तक्रारी लिहिल्या. गेम मशीनवर चालत नाही ही एक, गेममध्ये पैसे उकळतात ही दुसरी, अन गोष्ट बिघडवली ही तिसरी. तिन्ही खऱ्या आहेत, पण तिन्हीचा धनी वेगळा हाय. पहिली जाते प्रोग्रामरकडे, दुसरी जाते हिशेब बघणाऱ्या मोठ्या साहेबाकडे, तिसरी जाते तिकडं स्टार वॉर्सच्या मालक कंपनीत, लुकासफिल्ममध्ये, कोणाच्या तरी टेबलावर. तिन्ही एकत्र करून "माती केली" म्हटलं की तिघंही म्हणतात हे आपल्यासाठी नाही. अन स्टार वॉर्सच्या फॅनचं गेल्या वीस वर्षांत नेमकं हेच होऊन राहिलं. राग भल्ला मोठा, पण पत्ता लिहिलेला नाही.

पत्ता लिहिला की काय होते त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण तूच दिलं, ईए कंपनीचा बॅटलफ्रंट टू, नोव्हेंबर २०१७. त्यात लोक काय म्हणत होते ते बघ. "ईए लुटारू आहे" हे तर लोक त्याच्या आधीपासून म्हणतच होते, त्यानं कोणाचं काही हललं नव्हतं. या वेळी मात्र एक आकडा समोर आला. डार्थ व्हेडर हा हिरो खेळायला उघडायचा तर ६०,००० क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, लागत होते, ल्यूकलाही तेवढेच, अन एका मॅचला क्रेडिट किती मिळतात ते मोजून कोणीतरी हिशेब मांडला की एका हिरोसाठी चाळीस तासांच्या आसपास खेळावं लागेल, ते पण पूर्ण पैसे देऊन घेतलेल्या गेममध्ये. ईएकडून रेडिटवर उत्तर आलं की हिरो मेहनतीनं उघडल्यावर खेळणाऱ्याला अभिमान वाटावा म्हणून असं ठेवलंय. त्या एका उत्तराला साडेसहा लाखांवर डाउनव्होट पडले, गिनीज बुकात नोंद झाली त्याची.

पुढचं जरा बारकाईनं बघ, कारण इथं टेस्टरचं डोकं लागते. कंपनीनं लगेच किंमत ७५ टक्क्यांनी कमी केली, व्हेडर १५,००० वर आला. लोक खूश होणार तेवढ्यात कोणीतरी कॅम्पेन, म्हणजे एकट्यानं खेळायची गोष्ट, पूर्ण करून बघितलं, तर त्याचं बक्षीस २०,००० क्रेडिटवरून गुपचूप ५,००० झालेलं. म्हणजे भाव उतरवला अन मजुरीही उतरवली. हे पकडलं कोणी? कंपनीला शिव्या घालणाऱ्यानं नाही, ज्यानं आधीचा अन नंतरचा आकडा शेजारी शेजारी ठेवला त्यानं. १६ नोव्हेंबरला, गेम सगळ्यांसाठी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, खऱ्या पैशानं खरेदी करायचं बटणच बंद करून टाकलं, अन मार्च २०१८ मध्ये हिरो सगळ्यांना उघडे करून दिले, ताकद वाढवणारी कार्डं फक्त खेळूनच मिळतील असं केलं. एप्रिलमध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगानं लूट बॉक्सला, म्हणजे आत काय निघेल ते माहीत नसताना पैसे देऊन घ्यायच्या पेटीला, जुगार ठरवून तीन गेमांना नियमबाह्य म्हटलं, त्यात बॅटलफ्रंट टू नव्हता, कारण तो तोपर्यंत सुधारला होता. तोच गेम पुढं दोन वर्षं फुकट अपडेट घेत राहिला अन जानेवारी २०२१ मध्ये एपिकच्या ऑनलाइन दुकानात फुकट दिला तेव्हा १ कोटी ९० लाखांवर लोकांनी घेतला. आज कोणाला विचारलं तर म्हणतात चांगला गेम आहे राजेहो. अन खरंच आहे.

आता तू म्हणशील दादा, दरवेळी असं होते का. नाही होत. स्टार वॉर्स गॅलेक्सीज नावाचा ऑनलाइन गेम होता, २००३ चा. त्यात लढणं सोडून लोक आचारी, शिंपी, नाचणारे, घर बांधणारे असे राहत होते, तीसच्या वर धंदे होते त्यात, अन जेडाय, म्हणजे लाइटसेबर नावाची प्रकाशाची तलवार चालवणारा योद्धा, होणं इतकं अवघड की सर्व्हरवर एखादा दिसला तर लोक बघायला गोळा व्हायचे. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीनं एक एक्स्पान्शन, म्हणजे गेमला वरून जोडायचा भाग, विकलं अन दोन आठवड्यांत सगळा गेमच बदलून टाकला, धंदे नऊ ठेवले, त्यात जेडाय पहिल्या दिवसापासून कोणीही निवडा. ज्यांनी कित्येक महिने घालून आपला धंदा उभा केला होता त्यांचा तो एका सकाळी गायब. तेव्हाची तक्रार एकदम नेमकी होती, आकड्यांसहित होती, इतकी की त्या एक्स्पान्शनचे पैसे परत द्यावे लागले. पण जुना गेम काही परत आणला नाही. १५ डिसेंबर २०११ ला सर्व्हर बंद, अन पाचच दिवसांनी दुसरा ऑनलाइन गेम, ओल्ड रिपब्लिक, बाजारात. मग जुन्या खेळणाऱ्यांनीच बसून तो जुना सर्व्हर स्वतः लिहून काढायला घेतला, एसडब्ल्यूजी इम्यू म्हणून, अन अजून चालू आहे त्यांचं. त्यांनी नुसता राग केला असता तर आज काहीच उरलं नसतं, कारण कोणती वस्तू किती वेळात बनायची, कोणत्या धंद्याला कोणता आकडा लागायचा, हे सगळं लोकांनी आपापल्या वह्यांमध्ये, वेबसाइटवर लिहून ठेवलेलं होतं म्हणून ते जमलं.

आता "माती काहून करून राहिले" याचं उत्तर. लोकांना वाटते टेस्टिंगच होत नाही. बाप्पा, होते. तुला जो बग पहिल्या अर्ध्या तासात दिसला तो टेस्टरला कित्येक महिने आधी दिसलेला असते. त्याचा नंबर असते, व्हिडिओ असते, सगळं असते. मग मीटिंगमध्ये त्याच्यासमोर शिक्का पडते, "नोन शिपेबल", म्हणजे माहीत आहे, असाच जाऊ द्या. काहून? कारण तारीख. अन लायसनच्या गेममध्ये तारीख ही बनवणाऱ्याच्या हातात नसते.

२०१५ चा बॅटलफ्रंट घे. सिंगल प्लेयर कॅम्पेनच नव्हती त्यात. लोक चिडले, आळशी म्हणाले. ईएच्या मोठ्या अधिकाऱ्यानं नंतर सरळ सांगितलं की डिसेंबरमध्ये नवीन पिक्चर येत होता, त्याच्या सोबत गेम बाजारात पाहिजे होता, म्हणून कॅम्पेन सोडून द्यायचं जाणूनबुजून ठरवलं. पिक्चरची तारीख हलत नाही, खेळण्यांची दुकानं भरलेली असतात, मग जे हलवता येते ते हलते, म्हणजे गेम कापल्या जाते. डिस्नेनं ऑक्टोबर २०१२ मध्ये लुकासफिल्म ४०५ कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, एप्रिल २०१३ मध्ये लुकासआर्ट्सचा स्वतः गेम बनवायचा कारखाना बंद केला, अन मे मध्ये मोठे गेम एकट्या ईएला दिले. १३१३ नावाचा गेम त्याच्या आदल्याच वर्षी दाखवला होता, कोरसंट ग्रहाच्या खालच्या मजल्यांवरचा, तो तिथंच मेला. मग व्हिसरल स्टुडिओ एमी हेनिग नावाच्या गेमच्या लेखिका-दिग्दर्शिकेला घेऊन एक गोष्टीचा गेम बनवून राहिला होता, ऑक्टोबर २०१७ मध्ये स्टुडिओच बंद केला. रेस्पॉन स्टुडिओचा एक शूटर, म्हणजे बंदुकीच्या लढाईचा गेम, फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद. दाखवलेल्यापेक्षा गाडलेले गेम जास्त वाटतात मला कधी कधी.

लायसनचा अजून एक ताप असते तो बाहेरच्याला दिसत नाही. आपल्या स्वतःच्या गेममध्ये एखादा दरवाजा वाईट दिसला तर आर्टिस्ट बदलून टाकते, विषय संपला. लायसनच्या गेममध्ये दरवाजा, बंदूक, टोपी, आवाज, सगळं मालकाकडं मंजुरीला जाते. ते चूक आहे असं नाही, स्टार वॉर्स स्टार वॉर्ससारखं दिसते ते त्याच्यामुळंच, पण त्याला जो वेळ लागते तो तारखेतूनच वजा होते, अन तारखेच्या सगळ्यात शेवटी बसलेला असते टेस्टर. वरच्यानं खाल्लेला वेळ शेवटी आमच्या वाट्यातूनच जाते. कॅनॉलच्या शेवटच्या वावराला जसं पाणी पोचत नाही, तसं.

याच्यातला सगळ्यात कडू किस्सा कोटॉर टूचा, म्हणजे नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिकचा दुसरा भाग. पहिला बायोवेअरनं २००३ मध्ये बनवला, दुसरा ऑब्सिडियनला दिला, टाइम अगदीच थोडा, डिसेंबर २००४ मध्ये सणाच्या बाजारात पाहिजेच. शेवट अर्धवट राहिला, एक अख्खा ड्रॉइडचा ग्रह कापला, कारखान्याचा एक भाग कापला. पण कापलेल्या भागाचे संवाद, आवाज, अर्धवट फाइली डिस्कवर तशाच पडलेल्या होत्या. फॅन लोकांनी त्या शोधून काढल्या अन वर्षानुवर्षं जोडत बसले, त्याला रिस्टोर्ड कंटेंट मोड म्हणतात. हे काम कोणत्याही पगारी टेस्टरच्या तोंडात मारेल असं आहे, मी आमच्याकडं नवीन आलेल्या पोट्ट्यांना त्यांची बदलांची यादी वाचायला द्यायचो, बग कसा लिहावा ते शिकायला. अन मग २०२२ मध्ये ॲस्पायर कंपनीनं हाच गेम निन्टेन्डो स्विचवर आणला, जाहिरातीत सांगितलं की रिस्टोर्ड कंटेंट फुकट मिळेल. काय झालं? एक तर त्या आवृत्तीत एका ग्रहावर उतरायच्या सीननंतर गेम बंद पडायचा, म्हणजे पुढं जाताच नाही यायचं, शेवट बघणं तर दूर. दुसरं, जून २०२३ मध्ये सांगितलं की तो रिस्टोर्ड भाग येणार नाही. फॅननं फुकट केलेलं काम दाखवून गेम विकला अन मग तेच दिलं नाही. इथं मला कंपनीची बाजू सुचतच नाही. याच कंपनीनं मार्च २०२४ मध्ये जुन्या दोन बॅटलफ्रंटचा संच काढला तेव्हा पहिल्या दिवशी हजारो लोक आले अन सुरुवातीला ६४ जणांचे तीनच सर्व्हर दिसत होते. एवढं मोजायला टेस्टर लागत नाही, बोटं पुरतात.

गोष्टीच्या रागाबद्दल मी थोडकंच बोलतो, कारण तो माझा धंदा नाही. एप्रिल २०१४ मध्ये जुन्या कादंबऱ्या, कॉमिक्स, गेम यांच्या गोष्टींना लेजेंड्स असं नाव देऊन खऱ्या इतिहासातून बाहेर काढलं, डिसेंबर २०१७ च्या द लास्ट जेडाय या पिक्चरवरून तर फॅन दोन फळ्यांत फाटले. त्याला पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, नसते. तुला नाही आवडलं तर नाही आवडलं, पण त्या रागाची दिशा बघ कुठं गेली, त्या पिक्चरमधल्या केली मेरी ट्रॅन नावाच्या नटीला लोकांनी इतकं छळलं की २०१८ मध्ये तिनं आपलं इन्स्टाग्राम रिकामं केलं. तिनं गोष्ट लिहिली होती का? नाही. समोर दिसली म्हणून तिला धरलं. आपल्याकडं लाईन गेली की लाइनमनला धरतात तेच आहे हे, तो बिचारा खांबावर चढलेला असते.

अन आउटलॉजचं विचारू नको म्हणतोस, पण मी सांगतोच, कारण माझा मुद्दा तिथंच सगळ्यात साफ दिसते. ऑगस्ट २०२४ मध्ये आला, युबिसॉफ्टच्या मॅसिव्ह स्टुडिओचा. अर्धे लोक हिरोइनच्या चेहऱ्यावरच अडून बसले, व्हिडिओवर व्हिडिओ. दुसऱ्या अर्ध्यांनी लिहिलं की अमुक मिशनमध्ये लपून जायची सक्ती आहे, एका शिपायानं पाहिलं की सगळं मिशन फेल, परत पहिल्यापासून, अन चेकपॉइंट लय दूर. कोणतं मिशन, कोणता शिपाई, कुठून परत सुरू होते, सगळं. गेमची विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली हे कंपनीनंही मान्य केलं, अन २१ नोव्हेंबरच्या १.४ अपडेटमध्ये ती लपायची सक्ती जवळजवळ सगळ्याच मिशनमधून काढून टाकली, पकडला गेलास तर लढून बाहेर पड. आता तूच सांग, चेहऱ्यावर ज्यांनी तीन महिने घातले त्यांच्या हाती काय लागलं.

बरं, तुझ्या लॅपटॉपकडं येतो. सर्व्हायव्हरला जागा लागते १५५ जीबी, रोजच्या दोन जीबीनं धरलं तर पंच्याहत्तर दिवसांच्या वर, म्हणजे सोयाबीन पेरून पिवळं पडायला येते तोवर तुझं डाउनलोड चालू. एवढं करायच्या आधी स्टीमच्या, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या, पानावर खाली मिनिममचा रकाना असते तो वाचायला पाहिजे होता. तुझी आठ जीबी रॅम मिनिममला बसते, पण ग्राफिक्स कार्ड मागते जीटीएक्स १०७०, अन साध्या कॉलेजच्या लॅपटॉपमध्ये ते नसते. एवढं असूनही सगळी चूक तुझ्या मशीनची नाही, कारण २८ एप्रिल २०२३ ला हा गेम आला तेव्हा भारी भारी कार्डवाल्यांचाही अटकत होता अन कंपनीला त्याच दिवशी मान्य करावं लागलं की पीसीवर काही लोकांना नीट चालत नाही. प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारख्या कन्सोलवर गेम टाकायचा तर सोनी अन मायक्रोसॉफ्ट आपल्याकडून तपासणी करतात, त्यात नापास झाला तर गाडी पुढं जात नाही. पीसीवर तसं फाटकच नाही. ज्याला वाटलं त्यानं टाकलं.

तुझा अटकतो म्हणजे नेमका कसा ते बघू. कोबोह ग्रहावर पहिल्या वस्तीत पायलूनचं सलून आहे, तिथपर्यंत पोचला असशील. दारातून आत जा, बाहेर ये, परत आत जा. पहिल्याच वेळी अटकून दुसऱ्या वेळी नाही अटकलं, तर तो शेडरचा मामला. प्रकाश, धूर, कपडा कसा दिसावा याचे जे छोटे प्रोग्राम असतात ते पीसीवर प्रत्येकाच्या कार्डाप्रमाणं तिथल्या तिथं तयार व्हावे लागतात, कन्सोलवर सगळ्यांची मशीन सारखी म्हणून कंपनी ते आधीच तयार करून देते. असा अटका खेळत गेलं की कमी होते, अन गेम सुरू होताना शेडर बनवायचा पट्टा दिसते तो पूर्ण होऊ दे, मधात दाबादाबी करू नको. दोन्ही वेळा सारखंच अटकलं तर डिस्क नाहीतर रॅम. टास्क मॅनेजर उघडून बघ, डिस्क १०० टक्क्यांवर चिकटली असेल अन तुझी जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर सेटिंग कितीही कमी कर, फरक पडणार नाही, एसएसडी टाकावी लागते. नागपूरला सीताबर्डीत कोणीही बसवून देईल, रॅमची दुसरी पट्टी पण त्याच फेरीत टाकून घे, जागा रिकामी असते बहुतेक. तिसरी गोष्ट, चार्जर लावल्याशिवाय खेळू नको, बॅटरीवर लॅपटॉप कार्डाची ताकद स्वतःच उतरवते, गावात लाईन जाऊन राहिली की हे ध्यानातच येत नाही अन माणूस गेमला शिव्या देते.

मग कंपनीला लिहायचं असेल तर असं लिही: गेमची आवृत्ती, कार्ड, ड्रायव्हर, रॅम, डिस्क कोणती, सेटिंग काय, कुठं उभं राहिल्यावर होते, दहापैकी किती वेळा होते, काय व्हायला पाहिजे होतं अन काय झालं. खाली मोबाइलनं काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. "फालतू पोर्ट", म्हणजे कन्सोलवरून पीसीवर कसाबसा उचलून आणलेला गेम, हा शब्द लिहायचा मोह होते, तो गाळायचा, कारण तो वाचणारा बहुतेक माझ्यासारखाच कोणीतरी पगारी माणूस असते, त्याला हे आधीच माहीत असते, त्याला वर दाखवायला पुरावा पाहिजे असते. असे रिपोर्ट एकाच जागेचे पन्नास आले की नोन शिपेबलचा शिक्का पुसल्या जाते, हे मी मीटिंगमध्ये बसून पाहिलेलं आहे.

पैशाचं सांगायचं तर प्री ऑर्डर करूच नको. गेम काही संपत नाही दुकानात. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत अन दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मिळतात, पण गोम अशी की गेम उघडून शेडर बनायची वाट बघत बसला तो वेळही त्या दोन तासांत मोजल्या जाते. अन आपल्या डेटावर तर डाउनलोड होईपर्यंतच १४ दिवस उलटतात, म्हणजे आपल्यासाठी तो नियम असून नसल्यासारखा. त्यावर उपाय एकच, आधी डाउनलोडची सोय बघायची मग घ्यायचं. अमरावतीला, यवतमाळला होस्टेलवर कोणाकडं तोच गेम टाकलेला असेल तर लॅपटॉप घेऊन जा, दोघं एका वायफायवर असले की स्टीम एका मशीनवरून दुसऱ्यावर फाइली ओढून घेते, इंटरनेटचा डेटा जवळजवळ लागतच नाही. गेम मात्र तुझ्या खात्यात तू घेतलेला पाहिजे. अन सर्व्हायव्हर स्टीमवर घेतला तरी ईएचं वेगळं ॲप मधात येते, ते पहिल्यांदा नेट चालू असतानाच उघडून लॉगिन करून ठेव.

सोडून देऊ का म्हणतोस. माझ्या मते नवीन गेमच्या मागं धावणं सोड, बाकी कायले सोडतो? आता आहे त्या मशीनवर चालणारे चांगले गेम भरपूर आहेत अन सेलमध्ये चहा-नाश्त्याच्या पैशात मिळतात. रिपब्लिक कमांडो, २००५ चा, चार क्लोन सैनिकांची टोळी, त्यातला म्होरक्या तू, हुकूम द्यायला एकच बटण, आजही इतकं साफ कोणी करत नाही. जेडाय आउटकास्ट अन जेडाय अकॅडमी, लाइटसेबरची लढाई यांच्याइतकी हातात बसणारी मला नंतर मिळाली नाही, सर्व्हायव्हरमध्येही नाही, यावर माझे मित्र भांडतात माझ्याशी. लुकासआर्ट्स बंद झाल्यावर हे गेम बनवणाऱ्या रेव्हनवाल्यांनी या दोन्हींचा कोड मोकळा सोडला म्हणून लोकांनी ते नवीन विंडोजवर व्यवस्थित चालतील असे ठेवलेत. कोटॉर तर मोबाइलवरही आहे, पैसे एकदाच द्यायचे, मधात जाहिरात नाही, रात्री पाणी पाटवायला गेलास तर धुऱ्यावर बसून खेळता येते, लढाई थांबवून विचार करायची सोय आहे त्यात, मोटर बंद पडली तर उठून जा, तुझा जेडाय तिथंच थांबते.

पीसीवर कोटॉर टू घेशील तर गेम सुरू करायच्या आधी स्टीम वर्कशॉपमधून रिस्टोर्ड कंटेंट मोड टाकून घे, जुन्या सेव्हवर तो धड लागत नाही, नवीनच गेम सुरू करावा लागते. अन सलूनच्या दाराचं करून बघितलं की इथंच खाली लिही, दोन्ही वेळा अटकलं का एकदाच, अन डिस्क कोणती निघाली.